हैदराबाद संस्थानाचे हवाई सामर्थ्य (१९१७ ते १९४८) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास प्रामुख्याने सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्प, रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई या घटनांभोवती लिहिला गेला आहे. या इतिहासाला एक हवाई बाजूही आहे. तिची दखल बहुधा दोन-चार वाक्यांत घेतली जाते. निजामाने इंग्रजांना विमाने दिली असे एका ठिकाणी सांगितले जाते, तर सिडने कॉटन नावाच्या वैमानिकाने रात्री शस्त्रे आणली असे दुसऱ्या ठिकाणी. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध सहसा तपासला जात नाही. लोकस्मृतीत मात्र 'निजामाचे हवाई दल' असा शब्दप्रयोग सहज होतो आणि त्यातून संस्थानाच्या लष्करी ताकदीविषयी एक चुकीची कल्पना तयार होते.

हैदराबाद हे आकाराने व लोकसंख्येने एखाद्या राष्ट्राइतके मोठे संस्थान होते. त्याचे क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांहून अधिक होते आणि १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. स्वतःचे चलन, स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे आणि स्वतःचे सैन्य असलेल्या या संस्थानाने जून १९४७ मध्ये, ब्रिटिश सत्ता संपताच आपण स्वतंत्र होऊ, अशी घोषणा केली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये 'हैदराबाद' हे नाव एकूण तीन स्क्वाड्रननी धारण केले होते. असे असूनही १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने सीमा ओलांडली तेव्हा संस्थानाकडे लढाऊ विमान एकही नव्हते. या विसंगतीची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बीड जिल्हा त्या काळी याच संस्थानाचा भाग असल्याने हा विषय स्थानिक इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

तैनाती फौजेचा वारसा

संस्थानाच्या हवाई इतिहासाची मुळे विमानाच्या शोधाआधी शंभर वर्षे मागे जातात. १७९८ व १८०० च्या तहांनी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. संस्थानाच्या संरक्षणाची जबाबदारी कंपनी सरकारने घेतली आणि त्या बदल्यात निजामाने प्रदेश तोडून दिला. पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' हे वेगळे सैन्य उभे राहिले. त्याचा खर्च निजामाच्या माथी होता, अधिकारी मात्र इंग्रज होते. खर्चाची थकबाकी वाढत गेली आणि १८५३ मध्ये तिच्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ च्या करारानुसार वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने दिले गेले आणि लगोलग कंटिन्जंट हे भारतीय लष्करात विलीन करण्यात आले. ज्या सैन्याचा खर्च संस्थानाने अनेक दशके सोसला, ते सैन्य अशा रीतीने संस्थानाचे उरले नाही.

बीड जिल्ह्याला ही व्यवस्था जवळून ठाऊक होती. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हे कंटिन्जंटच्या घोडदळाचे ठाणे होते. बोलारम, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, हिंगोली या छावण्यांच्या मालिकेत त्याचे नाव येते. पुढे याच गावात स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून आले आणि संस्थानातील जनआंदोलनाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले. अंबाजोगाईच्या इतिहासात छावणी आणि शाळा या दोन्ही संस्था अशा एकापाठोपाठ एक येतात.

निजामाच्या पैशावर उभे असलेले, निजामाच्या राज्याचे नाव लावणारे, परंतु निजामाच्या हुकमतीखाली नसलेले सैन्य, असे कंटिन्जंटचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. विसाव्या शतकात हीच रचना आकाशात पुन्हा उभी राहिली.

पहिले महायुद्ध आणि ११० वी स्क्वाड्रन

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान हे गादीवर आले. तीनच वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. तुर्कस्तान इंग्रजांच्या विरोधात उतरल्यामुळे भारतातील सर्वांत मोठ्या मुस्लिम संस्थानिकाची निष्ठा इंग्रज सरकारला विशेष मोलाची वाटत होती. निजामाने युद्धकार्यासाठी मोठी आर्थिक मदत केली. तिच्यातील सर्वांत दृश्य भाग म्हणजे विमाने.

११० व्या स्क्वाड्रनची स्थापना १ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्सच्या आघाडीवर गेली तेव्हा तिच्याकडे डी.एच. ९ ए जातीची नवी बाँबफेकी विमाने होती. दोन आसनांच्या या विमानाला अमेरिकन बनावटीचे सुमारे ४०० अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन बसवलेले असे. या जातीची विमाने घेऊन आघाडीवर गेलेली ही पहिली स्क्वाड्रन होती आणि तिची सुरुवातीची विमाने निजामाने भेट दिलेली होती. प्रत्येक विमानावर निजामाच्या भेटीचा उल्लेख आणि 'हैदराबाद' या नावासह क्रमांक रंगवलेला असे.

मेजर जनरल ट्रेंचर्ड यांच्या नेतृत्वाखालील स्वतंत्र बाँबफेकी दलात ही स्क्वाड्रन होती. जर्मनीतील औद्योगिक शहरांवर दिवसाढवळ्या हल्ले करणे हे तिचे काम होते. युद्धविरामापर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत तिने सुमारे साडेदहा टन बाँब टाकले. या काळात तिची १७ विमाने मोहिमेवरून परतली नाहीत आणि २८ अपघातांत मोडली. एवढ्या अल्प काळातील ४५ विमानांची ही हानी पाहिली म्हणजे विमानबळ टिकवणे किती खर्चिक असते हे ध्यानात येते. भेट एकदाच देता येते. युद्ध चालू ठेवायचे तर मोडलेल्या विमानाच्या जागी दुसरे विमान आणि गमावलेल्या वैमानिकाच्या जागी दुसरा वैमानिक सतत पुरवावा लागतो. तो पुरवठा ब्रिटनचे कारखाने आणि प्रशिक्षण केंद्रे करीत होती.

यांपैकी एक विमान आजही अस्तित्वात आहे. 'हैदराबाद १२ ए' असे नाव रंगवलेले हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ च्या मोहिमेत जर्मनांच्या हाती पडले आणि त्यातील दोघे युद्धकैदी झाले. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले गेले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमध्ये गेले आणि १९७७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आले. हैदराबादचे नाव लावलेले हे विमान ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि पोलंड असा प्रवास करून पुन्हा ब्रिटनला पोहोचले. ज्या राज्याचे नाव त्याच्यावर आहे, त्या राज्याच्या आकाशात त्याने कधीच उड्डाण केले नाही.

युद्ध संपत असताना निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' ही उपाधी मिळाली. ११० वी स्क्वाड्रन १९१९ मध्ये विसर्जित झाली. संस्थानाकडे किताब राहिले, विमान राहिले नाही.

दुसरे महायुद्ध : तीन स्क्वाड्रन, एक नाव

१९३७ मध्ये ११० वी स्क्वाड्रन पुन्हा उभारली गेली आणि पुढच्या वर्षी तिला ब्लेनहेम ही दोन इंजिनांची बाँबफेकी विमाने मिळाली. तिच्या बोधचिन्हावर वाघ होता. ४ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, विल्हेल्म्सहाफेन परिसरातील जर्मन युद्धनौकांवर ब्रिटनने पहिला हवाई हल्ला केला. त्या हल्ल्याचे नेतृत्व याच स्क्वाड्रनच्या विमानांनी केले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी दोन स्क्वाड्रन पुन्हा उभ्या राहिल्या आणि निजामाच्या देणगीमुळे त्यांनाही हैदराबादचे नाव मिळाले. १५२ व्या स्क्वाड्रनकडे आरंभी ग्लॅडिएटर ही दुपंखी विमाने होती. १९४० च्या सुरुवातीला तिला स्पिटफायर मिळाली. 'बॅटल ऑफ ब्रिटन'च्या काळात ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉर्मवेल येथून लढली. पोर्टलंडचा नाविक तळ आणि आसपासची किनारपट्टी तिच्या संरक्षणाखाली होती. पुढे तिने उत्तर आफ्रिका, सिसिली व इटली येथे काम केले आणि १९४३ च्या अखेरीस ती भारतात येऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. तिच्या बोधचिन्हावर निजामाची पगडी होती, तर 'विश्वासू मित्र' हे तिचे ब्रीदवाक्य निजामाच्या उपाधीवरूनच घेतलेले होते. २५३ व्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद स्टेट' असे नाव मिळाले. तिच्याकडे हरिकेन विमाने होती. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये ती लंडनच्या दक्षिणेकडील केनली तळावरून लढली. तिच्या बोधचिन्हात चिलखती मुठीत धरलेली भारतीय लढाऊ कुऱ्हाड होती.

दोन महायुद्धांत मिळून हैदराबादच्या नावाने उडालेल्या विमानांचा विचार केला तर डी.एच. ९ ए, ब्लेनहेम, ग्लॅडिएटर, स्पिटफायर आणि हरिकेन अशा त्या त्या काळातील आघाडीच्या जाती त्यात दिसतात. एखाद्या लहान राष्ट्राला अभिमान वाटावा असा हा ताफा होता. मात्र त्याचे तळ, त्याचे वैमानिक, त्याचे यांत्रिकी कर्मचारी आणि त्याला मिळणारे हुकूम ब्रिटनच्या हवाई दलाचे होते. निजामाचा संबंध बोधचिन्ह आणि देणगी यांपुरताच मर्यादित होता.

या देणग्यांचा पैसा कोठून येत होता, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. संस्थानाचे उत्पन्न दिवाणी, जहागिरी आणि निजामाची खाजगी मालमत्ता असलेली 'सर्फ-ए-खास' या विभागांत वाटलेले होते. सर्फ-ए-खासची गावे मराठवाड्यातही होती. पैसा राज्याच्या तिजोरीतून गेलेला असो वा निजामाच्या खाजगी खजिन्यातून, त्याचा फार मोठा भाग शेवटी शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून आलेला होता. बीड हा बालाघाटाच्या डोंगररांगांत आणि गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेला, पावसाची शाश्वती नसलेला जिल्हा होता. संस्थानातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथील शेतकरीही, स्वतःच्या नकळत का होईना, या विमानांच्या किमतीचा वाटेकरी होता. त्याच्या संमतीचा प्रश्न कोणी विचारात घेतला नव्हता, कारण संस्थानात जबाबदार राज्यपद्धती नव्हती. स्टेट काँग्रेसची मूळ मागणी तीच होती.

संस्थानातील नागरी विमानवाहतूक

लष्करी विमानबळ नसले तरी संस्थानात नागरी विमानवाहतुकीचा पाया घातला गेला होता. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. १९३२ पासून रेल्वेच्याच प्रशासनाखाली मोटारबस सेवा सुरू झाली. याच दशकात बेगमपेठ येथे विमानतळ आणि हैदराबाद एरो क्लब ही केंद्रे उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठला प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण शाळा चालत होती आणि भारतीय हवाई दलाचे अनेक उमेदवार तेथे पहिले धडे गिरवीत होते. बीदर, वरंगळजवळील मामनूर आणि हकीमपेठ येथेही धावपट्ट्या होत्या.

१९४५ मध्ये संस्थान सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत 'डेक्कन एअरवेज' ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिची सेवा सुरू झाली. तिच्या ताफ्याचा कणा होता डग्लस डाकोटा. युद्ध संपल्यावर ही विमाने मोठ्या संख्येने विक्रीला निघाली होती आणि भारतातील बहुतेक नव्या हवाई कंपन्यांनी तीच घेतली. भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रेम माथुर यांना नोकरी दिली ती याच कंपनीने. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झालेल्या आठ कंपन्यांत डेक्कन एअरवेजचा समावेश होता.

धावपट्टी, क्लब आणि प्रवासी विमाने एवढ्या सामग्रीतून हवाई दल तयार होत नाही. लढाऊ विमाने विकणारे देश थोडे होते. लढाऊ विमानांचे सुटे भाग, दारूगोळा, विमानाचे पेट्रोल आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचा पुरवठा अखंड लागतो. हैदराबाद चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते आणि त्याला समुद्रकिनारा नव्हता. ब्रिटिश काळात संस्थानी सैन्याची शस्त्रसामग्री ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या मर्जीवर अवलंबून होती. त्यामुळे स्वतंत्र हवाई दल उभारण्याची संधी पूर्वी मिळाली नाही आणि १९४७ नंतर त्यासाठी वेळ उरला नाही.

जैसे थे करार आणि रात्रीची उड्डाणे

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे करार' झाला. त्यानंतर सिकंदराबाद परिसरातील भारतीय सैन्य हळूहळू मागे घेण्यात आले. याच सुमारास मीर लायक अली पंतप्रधान झाले. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांचा प्रभाव वाढत गेला. मराठवाड्यातील गावांवर हल्ले होऊ लागले आणि असंख्य कुटुंबांनी मुंबई प्रांताच्या हद्दीत आश्रय घेतला. बीड जिल्ह्याची पश्चिम सरहद्द त्या वेळी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याला, म्हणजे मुंबई प्रांताला, भिडलेली होती.

भारत सरकारने संस्थानाकडे जाणाऱ्या मालावर निर्बंध आणले. संस्थानी सैन्याचे सरसेनापती मेजर जनरल सय्यद अहमद एल एद्रूस यांच्याकडे नियमित व अनियमित मिळून सुमारे २२ हजारांचे दल असल्याचे सांगितले जाते, परंतु आधुनिक शस्त्रे आणि दारूगोळा यांचा तुटवडा होता. जमिनीवरचे रस्ते बंद असल्याने आकाश एवढाच मार्ग शिल्लक होता.

या परिस्थितीत संस्थानाने सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची मदत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनसाठी हवाई छायाचित्रणाचे तंत्र विकसित करणारा हा कसबी माणूस होता. १९४८ च्या उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत त्याच्या विमानांनी कराचीहून बीदर व वरंगळ येथे शस्त्रे व दारूगोळा पोहोचवला. त्यासाठी लँकॅस्ट्रियन विमाने वापरली गेली. ब्रिटनच्या प्रसिद्ध लँकॅस्टर बाँबफेकी विमानाचे ते नागरी रूप होते. त्याला चार इंजिने होती आणि त्याचा पल्ला मोठा होता, पण बाँब टाकण्याची यंत्रणा व तोफा काढून टाकलेल्या होत्या. या उद्योगाबद्दल पुढे ब्रिटनमध्ये कॉटनवर खटला होऊन त्याला दंड झाला.

कराची ते बीदर हे अंतर सुमारे १,३०० किलोमीटर आहे. नकाशावर या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेषा ओढली तर ती कच्छ, सौराष्ट्र आणि खंभातचे आखात ओलांडते, दक्षिण गुजरातमधून नाशिकच्या उत्तरेला प्रवेश करते आणि बीड शहर व अंबाजोगाई यांच्या परिसरावरून बीदरकडे जाते. प्रत्येक उड्डाणाने हीच रेषा पाळली असे अर्थातच म्हणता येत नाही, कारण टेहळणी टाळण्यासाठी वैमानिक मार्ग बदलतात. तरीही भूगोलाच्या दृष्टीने बीड जिल्हा या हवाई मार्गाच्या ऐन वाटेवर येतो, ही बाब स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या रात्री विमानांचा आवाज ऐकल्याच्या आठवणी जिल्ह्यातील वृद्धांकडून नोंदवल्या गेल्या असतील, तर त्या या संदर्भात तपासून पाहता येतील.

ही उड्डाणे भारताला थांबवता का आली नाहीत, याचे उत्तर तांत्रिक आहे. तत्कालीन रॉयल इंडियन एअर फोर्सकडे रात्री लढणारी विमाने नव्हती आणि देशाच्या अंतर्भागावर लक्ष ठेवणारे रडारचे जाळेही नव्हते. शिवाय ऑक्टोबर १९४७ पासून हवाई दलाचे लक्ष काश्मीरच्या आघाडीवर केंद्रित झाले होते. हैदराबादचे यश या उणिवेतून आले होते. त्यामागे स्वतःचे हवाई सामर्थ्य नव्हते. विमाने भाड्याच्या व्यवस्थेतली होती, वैमानिक परके होते आणि उड्डाणाचा तळ परदेशात होता. कंटिन्जंट आणि गौरवाच्या स्क्वाड्रन यांच्यानंतर पैसा देऊन दुसऱ्याचे सामर्थ्य उसने घेण्याचा हा तिसरा प्रकार म्हणता येईल.

सप्टेंबर १९४८ : आकाशाचा निर्णायक वाटा

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे 'ऑपरेशन पोलो' सुरू झाले. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांच्या अधिपत्याखाली मुख्य मुसंडी मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी यांच्या चिलखती दलाने सोलापूरहून मारली. दुसरी मोठी मुसंडी पूर्वेकडून विजयवाड्याच्या बाजूने होती. उत्तरेकडे औरंगाबाद व जालना यांच्या रोखाने स्वतंत्र तुकड्या पुढे सरकल्या. मुख्य मार्ग सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर आणि जहिराबाद असा होता. बीड जिल्हा दक्षिणेकडील या मार्गाच्या आणि उत्तरेकडील औरंगाबाद-जालना मार्गाच्या मधोमध येतो.

हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने पुण्याहून या कारवाईत सहभागी झाली. चार २० मिलिमीटर तोफा आणि बाँब किंवा रॉकेट वाहून नेणारे टेम्पेस्ट हे एका इंजिनाचे, पंख्यावर चालणारे अत्यंत वेगवान लढाऊ विमान होते. कारवाईच्या आरंभीच बीदर आणि वरंगळ येथील धावपट्ट्यांवर बाँबफेक करण्यात आली. कराचीहून येणारा रात्रीचा मार्ग या हल्ल्यांनी बंद झाला. नळदुर्गजवळील बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी भारतीय सैन्याच्या हाती आला. १४ सप्टेंबरला उमरग्याहून राजेश्वरकडे जाताना वाटेवर दबा धरून बसलेल्या तुकड्यांची माहिती हवाई टेहळणीतून मिळाली. टेम्पेस्ट विमानांच्या हल्ल्यांनी तो मार्ग मोकळा झाला आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले.

संस्थानी सैन्याजवळ या हल्ल्यांना उत्तर देणारे विमान नव्हते. दिवसा रस्त्यावरून हालचाल करणारी प्रत्येक तुकडी वरून दिसत होती आणि तिला मदत पोहोचवणे कठीण होते. कॉटनच्या विमानांनी आणलेली शस्त्रे लहान होती. त्यांच्या साहाय्याने रस्ता अडवता येत होता, परंतु वरून होणारा मारा अडवता येत नव्हता. कारवाईपूर्वी मोठ्या भारतीय शहरांवर हवाई हल्ले होतील अशा वावड्या उठल्या होत्या. त्यांतले काहीही घडले नाही, कारण असा हल्ला करू शकणारे साधन संस्थानाकडे नव्हते. १७ सप्टेंबरच्या सायंकाळी निजामाने युद्धविराम जाहीर केला आणि १८ तारखेला एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली.

विमानांच्या या हिशेबात जमिनीवरच्या माणसांचे दुःख बसत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. कारवाईपूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि कारवाईनंतर अनेक जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांनी भोगलेला हिंसाचार या दोन्ही गोष्टी या पर्वाचा भाग आहेत. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांमध्ये बीडचेही नाव येते.

हैदराबादचे नाव धारण करणाऱ्या स्क्वाड्रन त्या वेळी काय करीत होत्या, हेही पाहण्यासारखे आहे. १५२ वी व २५३ वी स्क्वाड्रन युद्धानंतर विसर्जित झाल्या होत्या. ११० वी स्क्वाड्रन १९४६ पासून अतिपूर्वेत डाकोटा विमाने चालवीत होती. तिचे बोधचिन्ह आणि नाव कायम होते. ज्या सत्तेला निजामाने तीस वर्षे मदत केली, त्या सत्तेने १९४७ मध्ये आपली सार्वभौम जबाबदारी संपल्याचे सांगून हैदराबादच्या प्रश्नातून अंग काढून घेतले होते. 'विश्वासू मित्र' ही उपाधी निजामाकडे राहिली, पण त्या मैत्रीतून एकही विमान आले नाही.

निष्कर्ष

पहिली गोष्ट अशी की, 'निजामाचे हवाई दल' ही कल्पना इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. हैदराबादच्या नावाच्या तीन स्क्वाड्रन होत्या, नागरी विमानवाहतूक कंपनी होती, एरो क्लब होता आणि शेवटी भाड्याने चालवलेली रात्रीची उड्डाणे होती. यांपैकी कशालाही संस्थानाचे हवाई दल म्हणता येत नाही.

दुसरे म्हणजे, या स्थितीचे कारण पैशाच्या अभावात शोधता येत नाही. संस्थानाने विमानांवर उदंड खर्च केला, पण तो दुसऱ्याच्या दलासाठी केला. तैनाती फौज आणि कंटिन्जंट यांच्यापासून चालत आलेली, खर्च आपला व हुकमत दुसऱ्याची, ही रचना विमानांच्या बाबतीतही कायम राहिली. विमान खरेदी करता येते, परंतु वैमानिक, यांत्रिकी कारागीर, सुटे भाग आणि हुकूम देण्याचा अधिकार यांची जोड नसेल तर ते राज्याचे सामर्थ्य बनत नाही.

तिसरे म्हणजे, या खर्चाचा भार ज्या प्रजेने उचलला तिला त्याविषयी मत मांडण्याचा अधिकार नव्हता. बीड जिल्ह्यातील महसूल भरणारा शेतकरी आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर उडणारे स्पिटफायर यांच्यातील हे नाते मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नोंदले जाणे आवश्यक आहे. जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीमागची आर्थिक बाजू त्यातून अधिक स्पष्ट होते.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर त्याच्या धावपट्ट्यांना नवे आयुष्य मिळाले. हकीमपेठ व बीदर ही भारतीय हवाई दलाची प्रशिक्षण केंद्रे बनली आणि हैदराबादजवळ दुंडिगल येथे हवाई दलाची अकादमी उभी राहिली. बेगमपेठच्या विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा मार्च २००८ पर्यंत चालली. कॉटनची विमाने रात्रीच्या अंधारात ज्या बीदरच्या धावपट्टीवर उतरत होती, तेथे आज भारतीय हवाई दलाचे उमेदवार जेट विमाने चालवण्याचे शिक्षण घेतात. मराठवाड्यातील तरुणांनाही त्या प्रशिक्षणाची दारे खुली आहेत. निजामाच्या विमानांचे मोल ज्यांच्या साऱ्यातून चुकते झाले, त्या रयतेच्या मुलांना अशी संधी संस्थानी राजवटीने दिलेल्या विमानांत कधीच मिळाली नव्हती.